टीप कोणाची, टोपी कोणाला?

यंदा रामनवमीला जांब समर्थला जाण्याचा योग आला. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले हे गाव म्हणजे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. १६०८ सालच्या रामनवमीला ते इथे जन्मले. त्यामुळे देवाचा आणि भक्ताचा उत्सव एकाच दिवशी. दर्शन झाले, प्रसाद झाला, आणि सावली पाहून जरा टेकलो, तोच भाच्याने खिशातून फोन काढला.

"मामा, एक शेअर आहे. चार रुपयांचा. दिवाळीपर्यंत चाळीस होणार!"

"कोण म्हणतो?"

"ग्रुपवर आलंय. अठरा हजार लोक आहेत ग्रुपवर!"

घरच्या मोसंबीच्या बागेचे पैसे नुकतेच आले होते. त्यांतले लाखभर या शेअरात घालायचा त्याचा बेत होता, आणि वडिलांच्या कानांवर त्याने ते घातलेले नव्हते. मी उपदेशासाठी घसा साफ केला आणि तसाच गप्प बसलो. त्याला कारण होते.

वाचकहो, मी कॉलेजात मराठी शिकवतो. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्या समासात समर्थांनी मूर्खांची लक्षणे सांगितली आहेत आणि दहाव्यात पढतमूर्खांची. पहिला समास मुले हसतहसत ऐकतात. दहावा शिकवताना मात्र अलीकडे माझाच आवाज खाली येतो. चार वर्षांपूर्वी असाच एक निरोप माझ्या फोनवर आला होता. शेअर साडेसहा रुपयांचा. भाव रोज पाच टक्क्यांनी वर, आणि ग्रुपवर रोज एकमेकांची अभिनंदने. मी साठ हजार रुपये घातले. भाव अकरावर गेला तेव्हा घराला कोणता रंग लावावा याचा विचार करीत होतो. मग तो जो उतरू लागला, तो थांबेना. विकायला काढावा तर घेणारा कोणी नाही! अखेर हातांत नऊ हजार आले.

हे सौभाग्यवतींना सांगायला मला दोन महिने लागले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "ज्यानं सांगितलं त्याचं नाव काय?"

मला नाव सांगता येईना.

"कामाला बाई ठेवायची तर आपण चार घरी चौकशी करतो," त्या म्हणाल्या, आणि पोळ्या लाटू लागल्या.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. तो हसेल असे वाटले होते, पण हसला नाही.

हा रोग आजचा नव्हे. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. बॅकबेची खाडी बुजवणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे राजे. विलायतेची बातमी इतरांच्या आधी कळावी म्हणून ते येणाऱ्या बोटीला समुद्रातच आपली माणसे भेटवीत, असे सांगतात. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्याचे हिशेब पुरे करायची वेळ आली तेव्हा मुंबईची दाणादाण उडाली. खुद्द प्रेमचंदही बुडाले. तात्पर्य असे, की बातमी ज्याला आधी कळते तो आधी घेतो. ती आपल्यापर्यंत येते तेव्हा बहुधा त्याची विकण्याची वेळ झालेली असते.

आता बोटीची जागा फोनने घेतली, एवढाच फरक. चार रुपयांच्या शेअरात हा खेळ सोपा, कारण अशा कंपनीचे बाजारात फिरणारे शेअर थोडे असतात. चारपाच जण आपापसांतच घेतात-देतात आणि भाव चढवतात. मग निरोप सुटतात. तुमच्या-आमच्यासारखे धावत येतात, त्यांच्या गळ्यात ते आपला माल घालतात आणि चालते होतात. पुढे भावाला रोज खालची मर्यादा लागते. रोज पाच टक्के म्हणजे काय ते पाहा: दहा दिवसांत दहा रुपयांचे सहा होतात, आणि त्या दहाही दिवशी विकायची सोय नसते.

मार्च २०२३ मध्ये साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरासंबंधी सेबीचा आदेश निघाला, त्यात हीच कथा आहे. अदानी समूह कंपनी विकत घेणार, अशा खोट्या बातम्यांच्या चित्रफिती यूट्यूबवर पसरल्या. कंपनीच्या छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ होती, ती ५५,३४३ झाली. आणि त्या गर्दीत आतल्या मंडळींनी आपले शेअर विकले, असे सेबीने म्हटले.

मग ग्रुपवरचे काही ऐकूच नये काय? ऐकावे, पण चावडीवरची वार्ता ऐकतो तसे. वार्तेवरून चौकशी सुरू करावी, खरेदी करू नये. कंपनीला मोठे काम मिळाले असेल, कोणी ती विकत घेणार असेल, तर ते शेअर बाजाराला कळवणे तिच्यावर कायद्याने बंधनकारक आहे आणि बाजाराच्या संकेतस्थळावर ते कोणालाही फुकट वाचता येते. तिथे नसेल तर बातमी नाही असे समजावे. दर तिमाहीचा जमाखर्च तिथे असतो. प्रवर्तकांचे किती शेअर उरले आणि त्यांतले किती गहाण आहेत, तेही असते. मुंबई बाजारात तो शेअर 'झेड' गटात असेल तर कंपनी बाजाराचे नियम पाळत नाही असा त्याचा अर्थ. सल्ला देणारा नोंदलेला असेल तर त्याचा सेबीचा क्रमांक असतो. तो विचारावा, आणि सेबीच्या यादीत पडताळूनही पाहावा. क्रमांक विचारताच जो रागावतो किंवा ग्रुपमधून काढून टाकतो, त्याने आपले पैसे वाचवले म्हणून मनातल्या मनात त्याचे आभार मानावेत.

आणखी एक. चार रुपये म्हणजे स्वस्त, हा भ्रम आहे. अशा कंपनीचे पन्नास कोटी शेअर असतील तर बाजार तिची किंमत दोनशे कोटी धरतो. वर्षाचा नफा एक कोटी असेल तर ते दुकान दोनशे कोटींना कोण शहाणा घेईल? हाच शेअर चाळीसला जायचा म्हणजे किंमत दोन हजार कोटी झाली!

तिथेच बसून आम्ही भाच्याच्या शेअराची कुंडली मांडली. विक्री जवळजवळ नाहीच. तीन तिमाह्यांत प्रवर्तकांचा हिस्सा उतरत गेलेला. ग्रुपवरच्या 'मोठ्या कराराचा' बाजाराच्या पानावर मागमूस नाही. भाचा बराच वेळ फोनकडे पाहत होता.

"मामा, मग काय अठरा हजार लोक वेडे आहेत?"

"वेडे नाहीत रे. त्यांतले सतरा हजार नऊशे तुझ्यामाझ्यासारखे घेणारे. उरलेले शंभर शहाणे, ते विकणारे."

परत निघताना त्याने वडिलांना फोन लावला. काय बोलला ते मी ऐकले नाही. पण मोसंबीचे पैसे बँकेतच राहिले.

आता दिवाळी आहे. मुंबईच्या शेअर बाजारात १९५७ पासून चालत आलेले मुहूर्ताचे सौदे होतील, आणि शुभेच्छांबरोबर टिपांचाही पाऊस पडेल. हौस म्हणून थोडे घ्यायचेच असेल तर बुडाले तरी मुलांच्या फीला धक्का लागणार नाही एवढेच घ्या, आणि घरात सांगून घ्या. त्याआधी सौभाग्यवतींचा तो प्रश्न स्वतःला विचारा: सांगणाऱ्याचे नाव काय? आणि मी घेतले तर विकणारा कोण?

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे हिशेबाची वही पूजेत ठेवतात. तिच्यात खर्चाच्या बाजूला एक्कावन्न हजारांची एक रक्कम आहे; सदर, 'ह्यांची शिकवणी'. अक्षर माझे नाही.