बिल कुणाच्या नावावर?

घरात कुणी बीबीए किंवा एमबीए करत असेल तर हे तुमच्याकडेही घडलं असेल. सेमिस्टर संपत आलं की एक प्रश्नावली घरभर फिरते. "प्रदूषण ही गंभीर समस्या आहे असे आपणास वाटते का? होय / नाही / सांगता येत नाही." आजीपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांकडून ती भरून घेतात. पन्नासेक कागद जमले की त्यांचा रंगीत पाय-चार्ट होतो. बहुतेक सगळे 'होय' म्हणालेले असतात (जे 'नाही' म्हणतात त्यांना एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे). शेवटी 'जनजागृतीची नितांत गरज आहे' असा निष्कर्ष, वर स्पायरल बाइंडिंग. झाला पर्यावरणाचा प्रोजेक्ट!

यंदा भाचीने तसाच कागद पुढे केला. "मामा, भर ना पटकन, उद्या सबमिशन आहे." भरून दिला. पण मुलगी शिकतेय व्यवसाय व्यवस्थापन, दोन वर्षं कॉस्टिंग घोकतेय, आणि नदीची पाहणी करायची म्हटल्यावर तिच्या हातात आली ती होय-नाहीची प्रश्नावली. ते हिशेबाचं शिक्षण गेलं कुठे?

या विषयामागे खरं तर मोठा इतिहास आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून २००३ साली न्यायालयाने पुन्हा कान उपटले. मग यूजीसीने सगळ्या पदवीशाखांसाठी सहा महिन्यांचा एकच अभ्यासक्रम आणला. त्यात १०० पैकी २५ गुण प्रत्यक्ष पाहणीला होते, आणि जवळच्या प्रदूषित जागेला भेट द्या असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. हेतू चांगलाच होता. फक्त कॉमर्सच्या मुलाने त्या जागेवर जाऊन बघायचं काय, हे कुणी सांगितलं नाही. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी झाडं बघेल, रसायनशास्त्राचा पाण्याचा नमुना घेईल. मॅनेजमेंटवाल्याने काय करावं?

माझं मत विचाराल तर त्याने एकच प्रश्न विचारावा. बिल कुणाच्या नावावर फाडलंय?

आर्थर पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच हे मांडून ठेवलंय. धंद्याचा काही खर्च धंद्याच्या वहीत येतच नाही, तो बाहेरच्या कुणाच्या तरी गळ्यात पडतो. आता हे पाठ्यपुस्तकात असतं, मुलं पाठ करतात, व्याख्येला दोन मार्क मिळतात. पण हा बाहेर टाकलेला खर्च हवेत विरत नाही. तो कुणीतरी भरतोच, आणि भरतो म्हणजे त्याची कुठेतरी नोंद होते. ती शोधायला हिशेब शिकलेल्या माणसाइतका लायक दुसरा कोण?

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. इचलकरंजी, महाराष्ट्राचं मँचेस्टर. शहर पंचगंगेच्या काठावर. तरीही गावाला पिण्याचं पाणी आणायला कृष्णेवर मजरेवाडीला जावं लागलं. ते पुरेना म्हणून वारणेची दानोळी योजना पुढे आली, तिला वारणाकाठच्या गावांनी विरोध केला. मग दूधगंगेची सुळकूड योजना आली, तिला कागल भागातून विरोध झाला. दारात नदी असलेलं गाव दुसऱ्यांच्या नद्यांकडे हात पसरतंय, आणि ज्यांच्या नद्या तेही काही चुकीचं बोलत नाहीत. आता जलवाहिनी, पंप, वीज, गळती, टँकर हा सगळा खर्च कुठल्या खात्यात दिसेल? पालिकेच्या. कापडाच्या मीटरच्या दरात त्यातला किती दिसतो? मला तरी हाच खरा प्रोजेक्ट वाटतो.

पण इथे घाई करून 'कारखाने दोषी' असंही लिहून मोकळं होऊ नये. पंचगंगेत कापड प्रक्रियेचं सांडपाणी येतं तसं वरच्या अंगाला कोल्हापुरातल्या जयंती नाल्याचं पाणीही येतं. साखर कारखाने आहेत, काठावरची गावं आहेत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. तशी साथ कापडाच्या रंगाने येत नाही, पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्याने येते. म्हणजे तिथलं बिल नागरी व्यवस्थेच्या नावावर, आणि भरलं ते आजारी पडलेल्या घरांनी. दवाखाना, बुडालेली मजुरी, आणि ज्याचं मोल करताच येत नाही ते. कुठलं प्रदूषण कुणाचं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे वेगवेगळं करून मांडणं ही तर कॉस्टिंगचीच शिस्त आहे. सगळा खर्च एकाच डोक्यावर टाकणारा हिशेबनीस आपण ठेवू का?

हे बिल परत मूळ मालकाकडे आलं तर काय होतं, याचं उत्तर तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला मिळतं. होजिअरीचं गाव, टी-शर्टची प्रचंड निर्यात. सुती कापड रंगवायला मीठ भरपूर लागतं, गडद रंगाला तर आणखी जास्त. हे मीठ नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेत निघत नाही, पाण्याबरोबर पुढे जातं. ते नोय्यल नदीत गेलं, आणि तिच्यावरच्या ओरत्तुपाळयम धरणात साठत राहिलं. धरण सिंचनासाठी बांधलेलं. ज्यांच्यासाठी बांधलं ते शेतकरीच हे पाणी नको म्हणू लागले! शेतकरी कोर्टात गेले. जो प्रदूषण करेल त्याने भरपाई करावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात मान्य केलेलंच होतं. २००९ साली तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांनाही तेच लागू केलं. तरी नदीत पाणी सोडणं थांबेना, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेवर रंगाई युनिट्स बंद करायला लावली.

पुढचा भाग कॉमर्सच्या मुलांनी मुद्दाम वाचावा. पाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही म्हटल्यावर यंत्रणा आल्या. पाणी गाळून, उरलेलं खारं पाणी आटवून त्यातलं पाणी आणि मीठ परत वापरात आलं. काल जी घाण होती ती आज मालाच्या वहीत जमा झाली. खर्च बाहेर टाकता येत होता तोवर हे करायचं कुणाला नडलं नव्हतं. अर्थात हेही फुकट झालं नाही. आटवायला इंधन लागतं, रंगाईचा दर वाढतो, आणि बंदीच्या काळात हातावर पोट असलेल्या कामगारांनी जे सोसलं तेही बिलच होतं. वाढलेल्या दरातला किती वाटा परदेशातल्या खरेदीदाराने उचलला आणि किती इथल्या रंगाईवाल्याच्या अंगावर पडला? एमबीएच्या मुलांनो, घ्या, अजून एक प्रोजेक्ट.

कुणी म्हणेल, बोलायला सोपं आहे, कारखान्यात आत कोण घेणार या पोरांना? खरं आहे, गेटवरचा वॉचमनच परत पाठवतो. पण हिशेब गेटच्या बाहेरही असतो. पालिकेचं अंदाजपत्रक वाचता येतं, पाणीपट्टी घरोघरी असते. पर्यावरण संरक्षण नियमांत नव्वदच्या दशकात 'फॉर्म ५' आला. दर मालामागे किती पाणी, किती कच्चा माल लागला आणि बाहेर काय सोडलं, हे कारखान्याने दरवर्षी मंडळाला लिहून द्यायचं. माहितीच्या अधिकारात ते मागता येतं. २०२२-२३ पासून सेबीने मोठ्या १००० लिस्टेड कंपन्यांना पाणी, ऊर्जा, कचरा यांचा अहवाल सक्तीचा केला, तो तर नेटवर बसल्या जागी मिळतो. ताळेबंद वाचायला शिकलेल्या मुलाला हे कागद वाचता येऊ नयेत?

मला हे एवढं लागतं त्याचं कारण गुण नाहीत. आज होय-नाहीचा कागद भरून घेणारी ही मुलं आणखी दहा-पंधरा वर्षांनी कुठल्यातरी केबिनमध्ये बसलेली असतील, आणि हाच फॉर्म ५ त्यांच्यासमोर सहीला येईल. तेव्हा त्यातला आकडा खरा आहे का, असं विचारायची सवय त्यांना असेल की पाय-चार्ट काढून मोकळं व्हायची? सवय लागायची ती कॉलेजातच लागते.

आणि आपण घरातली मोठी माणसंही काही कमी नाही हो. "कशाला डोकं खपवतेस, लिही काहीतरी आणि टाक देऊन" हे वाक्य आपल्याच तोंडचं असतं. त्याऐवजी पुढच्या वेळी त्यांच्या हातात गावाच्या पालिकेचं अंदाजपत्रक ठेवू या, आणि म्हणू या, हे बिल कुणाचं ते शोध, चहा मी करतो.