रेक्याविकचा तिसरा डाव : थोडे स्पास्कीच्या बाजूने

१९७२च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीविषयी बोलू लागलो की आपण शीतयुद्धाविषयीच बोलत राहतो. या धाग्यात मीही आतापर्यंत तेच केले. परंतु १६ जुलैचा तिसरा डाव महासत्तांच्या त्या चौकटीत मावत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

परिस्थिती पाहा. पहिल्या डावात बरोबरीकडे झुकलेल्या स्थितीत उंटाने कडेचे प्यादे मारण्याचा मोह फिशरला नडला. दुसऱ्या डावाला, कॅमेऱ्यांवरून रुसून, तो आलाच नाही. गुणफलक २-०. विजेतेपद राखण्यास स्पास्कीला २४ डावांत १२ गुण पुरेसे होते, आणि फिशरने त्याला तोवर एकदाही हरवले नव्हते. आता फिशरची अट अशी, की तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, रंगमंचामागील खोलीत व्हावा. नियमावर बोट ठेवून मॉस्कोला परतण्याची मुभा विजेत्याला होती. त्याने होकार दिला.

काळी मोहरी घेऊन फिशर बेनोनी बचाव खेळला. अकराव्या खेळीला त्याने घोडा पटाच्या उजव्या कडेला नेऊन ठेवला. पांढऱ्याचा उंट तो मारणार, काळ्याची दोन प्यादी कडेच्या एकाच रांगेत अडकणार, राजापुढचे कवच फुटणार, हे नवशिक्यालाही दिसावे. (मी पट मांडून पाहिले, मला ती चूकच वाटली असती.) स्पास्कीने उंट देऊन तो घोडा घेतला. पण मग पांढऱ्या घरांवर पहारा देणारा त्याचा उंटच उरला नाही. एक्केचाळिसाव्या खेळीला फिशरने शह दिला तो त्याच घरांवरून फिरणाऱ्या आपल्या उंटाने. ती खेळी पाकिटात बंद होती. दुसऱ्या दिवशी डाव पुढे न खेळताच स्पास्कीने हार मानली.

त्या होकाराला भोळेपणा म्हणण्याची रीत आहे. मला ते पटत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या गैरहजेरीने मिळालेला गुण त्याच्या खात्यात होताच. असेच आणखी गुण मिळवून विजेता राहण्यापेक्षा त्याला पटावर खेळायचे होते. सोव्हिएत राज्याचा प्रतिनिधी म्हणून हा निर्णय अनाकलनीय ठरतो, बुद्धिबळपटू म्हणून मात्र सरळ. पुढे सहाव्या डावात फिशर जिंकला, तेव्हा सभागृहाबरोबर टाळ्या वाजवणाऱ्यांत स्पास्कीही होता.