एकच पान वाढा



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे संगणकाला महिनाभर सुट्टी होती. आता अक्षरं पुन्हा नीट दिसू लागली आहेत आणि अर्थात इतरांच्या शुद्धलेखनाच्या चुकाही.

परवा बँकेच्या कामासाठी दादरला गेलो होतो. काम संपेपर्यंत साडेबारा वाजले. म्हटलं, घरी जाऊन पुन्हा कुकर लावण्यापेक्षा इथेच जेवावं. एका हॉटेलात शिरलो. दारातल्या मुलाने विचारलं, "किती जण?" मी म्हटलं, "एक." त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, की आणखी कोणी येतंय का. मग हात धुवायच्या जागेशेजारचं टेबल दाखवलं. कार्डावर 'अमर्याद थाळी' होती. (आणि 'थालीपिठ'. लाल पेन खिशात होतं, मोह आवरला.) मला हवी होती एक भाकरी, एखादी पालेभाजी, वाटीभर वरण आणि पातळ ताक. चौदा वर्षांचा मधुमेह आहे, पुऱ्या आणि श्रीखंड घेऊन मी काय करू? अर्धी थाळी मिळेल का विचारलं. "हाफ नाही काका." शेवटी थाळी घेतली, निम्मी टाकली, आणि टाकताना आईची आठवण होऊन वाईट वाटलं. ताकाचा घोट अजून तोंडात होता तोवर बडीशेप आणि बिल पुढ्यात आलं.

बाहेर पडताना गल्ल्यावरच्या मालकांना सहज म्हटलं, आमच्यासारख्यांसाठी छोटं ताट ठेवा ना. माणूस सज्जन होता. म्हणाला, "काका, ताट अर्धं दिलं तरी टेबल पूर्णच अडतं." त्या वाक्यावर मी ट्रेनमध्ये मुलुंडपर्यंत विचार करत आलो. त्याचं काही चुकत नाही. मुंबईत जागेचं भाडं द्यायचं तर टेबल रिकामं व्हायला हवं, आणि म्हातारा माणूस चावत चावत पाऊण तास घेतो.

आता तुम्ही म्हणाल, या शहरात खायला काय कमी आहे? काही कमी नाही. इटालियन आहे, कोरियन आहे, मालवणी तर चौकाचौकात आहे. (खानदेशी कळण्याची भाकरी आणि मराठवाड्यातलं जेवण शोधावं लागतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) कमी आहे ती एकट्या माणसाने रोज जाऊन साधं जेवावं अशी जागा.

आणि ती मुंबईत होती की! गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो पुरुष एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि शेजारच्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. पगार झाला की पैसे द्यायचे. या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढून त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगारच नाही तर खानावळीचे पैसे कुठून येणार? गिरण्या गेल्या, माणसं गावी गेली, आणि ती पद्धतही जवळजवळ गेली. तिकडे इराण्याच्या हॉटेलात एका चहावर तासभर पेपर वाचता येई, समोर अनोळखी माणूस येऊन बसला तरी कुणाला काही वाटत नसे. तेही बोटांवर मोजण्याइतके उरलेत. माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी बोर्डिंग १९४२ पासून आहे, तिथे अजून एकटा माणूस निमूट जेवून जातो. पण मुलुंडहून माटुंग्याला रोज कोण जाणार?

भाचा सांगत होता की जपानमध्ये 'इचिरान' नावाच्या हॉटेलांत एकेकट्या गिऱ्हाइकासाठी फळ्या लावून कप्पे केलेत, शेजारचा माणूस दिसतसुद्धा नाही. त्याला ती कल्पना फार आवडली. मला अजिबात नाही. फळी आमच्याकडे आहेच, तिला आम्ही ब्लॉक म्हणतो.

इथे थोडं घरचं सांगतो. ही गेली २०२१ मध्ये. तिच्यामागे पहिले काही महिने मी रोज मुगाची खिचडी खात होतो. पुढेपुढे तीही सकाळी केलेली रात्री, आणि कधी नुसता चहा-टोस्ट. बंगळूरहून मुलीचा फोन यायचा, "बाबा, जेवलात का?" मी म्हणायचो, हो, पोळी, भाजी, कोशिंबीर. ती हा ब्लॉग वाचते, तिला आज कळेल. मला स्वयंपाक येत नाही असं नाही. पण एका माणसासाठी फोडणी घालायला हात पुढे होत नाही. मग डबा लावला. डबा चांगला आहे, पण तो टीव्हीसमोर बसून, कधी कधी तर ओट्याजवळ उभ्यानेच संपतो. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ असेच दूध-बिस्किटांवर राहत होते. अशक्तपणाने चक्कर येऊन पडले तेव्हा कुठे शेजाऱ्यांना समजलं. खानावळीत रोज जाणारा माणूस दोन दिवस आला नाही, तर बाई कुणाला तरी चौकशीला पाठवायची.

माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळते आहे. पोळी-भाजी केंद्र आज प्रत्येक उपनगरात, अगदी गल्लीगल्लीत आहे. तिथे हवं तेच मिळतं. दोन पोळ्या, पाव किलो भाजी, मागाल तेवढी आमटी. अर्ध्या ताटाचा प्रश्नच नाही. नाही ती फक्त बसायची जागा. पिशवीत बांधून घेऊन घरी जायचं. त्याच दुकानात भिंतीला लागून एक लांब बाक आणि सहा खुर्च्या ठेवल्या तर? आम्ही म्हातारे साडेअकराला जेवतो आणि संध्याकाळी सातला. म्हणजे ऑफिसवाल्यांच्या गर्दीत आमचा अडथळा नाही. महिन्याचे पैसे आधी भरू, कुपनं छापा. टेबल अडतं ही अडचण लांब बाकाने पुष्कळशी सुटते, कारण तिथे टेबल कुणाचंच नसतं. दुकानात जागा नसेल तर लग्नाची हॉलं मुहूर्त नसताना कुलूप लावून पडलेली असतात, चातुर्मासात तर महिनोन्‌महिने. परवानगी, पाणी, सफाई यांचे खर्च मला कळतात. शाळेत खिचडी शिजवण्याचा हिशेब मी दोन वर्षं ठेवला आहे, धान्यापेक्षा बाकीच्याच गोष्टी जड जातात. त्यामुळे हे स्वस्तात होईल असं मी म्हणत नाही. डब्यापेक्षा थोडे जास्त पैसे मी आनंदाने देईन.

आमच्या नाक्यावरच्या केंद्राच्या ताईंना काल हे सगळं बोललो. त्या पोळ्या लाटता लाटता ऐकत होत्या. म्हणाल्या, "काका, पाच माणसं नक्की आणा, मग बघते." आत्तापर्यंत तीन झालेत. मी, दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी बाई आणि ते दूध-बिस्किटवाले गृहस्थ. मुलुंड पूर्वेला कुणी ओळखीचं एकटं जेवत असेल तर खाली प्रतिक्रियेत कळवा.