'देवमाणूस'मधल्या मेलेल्या बायका

झी मराठीवर ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झालेली 'देवमाणूस' पनवेलमधल्या आमच्या बचत गटाच्या बायका न चुकता बघायच्या. दुसऱ्या दिवशी चर्चा कशाची? तर सरूआजीच्या म्हणींची, नाहीतर किरण गायकवाडने तो डॉक्टर काय झकास रंगवलाय याची! 'असलं दाखवूच नये, लोक शिकतात,' असंही कुणी म्हणायचं. मला नाही तसं वाटत.

खटकायचं ते वेगळंच. मालिकेतली बाई फसून मेली, की हमखास ऐकू यायचं, 'हिला अक्कल नव्हती का?' अहो, अडीनडीला धावून येणारा गावचा डॉक्टर तो! बोगस आहे, हे त्या बाईला कसं कळावं?

मालिका ज्यावर बेतली, ते वाईजवळच्या धोमचं प्रकरण 2016 मध्ये उघडकीला आलं. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे सहा खून, त्यात पाच बायका. पहिली 2003 मधली. म्हणजे तब्बल तेरा वर्षं! एवढ्या वर्षांत 'गेली असेल कुणाबरोबर' असं किती जणांनी म्हटलं असेल?

आपल्याकडेही बाई दोन दिवस घरी आली नाही, की पहिला प्रश्न असतो, 'मोबाइलवर कुणाशी बोलायची?' मग घरचे पोलिसांत तक्रार द्यायलाच बिचकतात.