एका वेळी एकच फाईल, तीही 256 केबीची!



‘सर्व्हरवर ताण’ म्हणून प्रवेशअर्जांना पुन्हा मुदतवाढ मिळाल्याची बातमी वाचली. मुदतवाढीचे स्वागत सगळ्यांनी केले, पण हा ताण येतो कशाने, हे एकानेही विचारले नाही. मुलीचा अर्ज भरताना मी जे पाहिले त्यावरून सांगतो. फॉर्म एका वेळी एकच फाईल घेतो, आणि तीही 256 केबीच्या आतली. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, उत्पन्न, आधार, पासबुकाचे पहिले पान अशा प्रत्येक कागदाला वेगळे बटण. एक फाईल गेली की पान नव्याने उघडणार. मध्येच ‘सेशन संपले’ असे आले की पुन्हा लॉग-इन, पुन्हा ओटीपी. राज्यभरातली मुले शेवटच्या दोन दिवसांत हेच करत बसली तर सर्व्हर बसेल नाहीतर काय?

256 केबी म्हणजे किती, हे ठरवणाऱ्याने कधी पाहिले आहे का? आजच्या साध्या मोबाईलवर काढलेला कागदाचा फोटो सहज दोन-तीन एमबीचा असतो, म्हणजे मर्यादेच्या दहापट. अनेक संकेतस्थळे ज्या पीएचपीवर चालतात, तीच घ्या. तिच्यात कुणी काही बदलले नाही तरी ती 2 एमबीपर्यंतची एकेक फाईल आणि एका दमात 20 फाईली घेते, एकूण मर्यादा 8 एमबी. म्हणजे यंत्र उदार आहे, कंजूषपणा मुद्दाम बसवलेला आहे. फॉर्ममधून फाईल पाठवण्याची पद्धत 1995 साली लेखी मांडली गेली, तेव्हाच एकाहून अधिक फाईली एकत्र पाठवण्याचा विचार त्यात होता. फायरफॉक्समध्ये 2010 पासून एकाच खिडकीत हव्या तितक्या फाईली निवडता येतात. फॉर्मच्या त्या ओळीत ‘मल्टिपल’ एवढे लिहायचे आणि पलीकडे सर्व्हरवर त्या एकेक करून उतरवून घ्यायच्या. संगणक शिकणारी पोरे हे प्रोजेक्टमध्ये करतात. कोट्यवधींचे कंत्राट घेणाऱ्यांना ते जमत नसेल तर कंत्राट कशाचे?

सुरक्षेचे कारण पुढे येईल, म्हणून आधीच लिहितो. फाईल पीडीएफच आहे ना, तिच्यात भलते काही नाही ना, ही तपासणी सर्व्हरवर करायची असते. ती एका फाईलची होते तशीच दहांचीही होते. उलट आत्ताच्या पद्धतीत रकान्यात एक चूक निघाली आणि पान परत आले की निवडलेली फाईल गायब होते, कारण ब्राऊजर सुरक्षेसाठी ती पुन्हा आपोआप भरत नाही. आलेली फाईल तिथल्या तिथे जपून ठेवणे हे फॉर्म बनवणाऱ्याचे काम. ते केले नाही म्हणून आम्ही तीच फाईल परत परत पाठवतो, आणि ताण सर्व्हरवर येतो म्हणे!

खरी सुरक्षा कुठे धाब्यावर बसते ते पाहा. 256 केबीत बसवण्यासाठी लोक काय करतात? ‘पीडीएफची साईज कमी करा’ असे शोधून जे पहिले फुकट संकेतस्थळ सापडेल त्यावर आधार आणि पासबुक टाकतात. ते कोणत्या देशातून चालते, फाईल ठेवते की पुसते, कुणाला ठाऊक! ज्यांना तेही जमत नाही ते कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत जातात. तिथे ‘साईज करून मिळेल’ अशी पाटीच असते, आणि दुकानाच्या संगणकाच्या डेस्कटॉपवर अख्ख्या गावाचे आधार पडलेले असतात. डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये आणायचा आणि आपल्याच फॉर्मने जनतेला या दुकानांत ढकलायचे.

यात सर्वांत जास्त भरडला जातो तो जुने कागद जोडणारा. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. हा पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, विटलेली शाई, कधी मोडीतली नोंद. असा कागद पिळून पिळून इवल्याशा मापात बसवला की अक्षर उरत नाही. मग अर्ज ‘कागद अस्पष्ट’ म्हणून परत. अस्पष्ट कुणी केला?

लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे, दाखला अमुक दिवसांत मिळेल असे फलक कार्यालयांत लागलेले आहेत. पण ते दिवस मोजायचे पूर्ण अर्ज पोहोचल्यापासून. अर्जच आत जाऊ दिला नाही तर एकही दिवस मोजावा लागत नाही. सोय कुणाची झाली, हे वाचकांना कळतेच.

आणि एवढे करून कागद चढवले की संपले असे कुणी समजू नये. तपासणीला गेलो तर खिडकीवरून तेच कागद झेरॉक्सच्या दोन संचांत मागितले गेले, स्वाक्षरीसह. डिजिलॉकरमधून आलेला दाखला मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरावा, असा केंद्राचा नियम 2017 पासून आहे. तो दाखवला तर ‘तुमचे तिकडचे राहू द्या, संच द्या’ असे उत्तर मिळाले. संचच हवा असेल तर फॉर्ममधली अपलोडची बटणे तरी काढून टाका. आम्ही पूर्वीसारखे पाकीट घेऊन रांगेत उभे राहू, तिथे निदान सगळे कागद एकदम देता यायचे.

— एक त्रस्त पालक, मिरज