नळ चकचकीत, सांडपाणी वाऱ्यावर

आम्ही गोवेकर नवे घर बांधताना नळ निवडायला चार दुकाने पालथी घालतो. सांडपाणी कुठे जाणार, हे मात्र गवंड्यावर सोडतो! हा बेफिकीरपणा सुरतेला १९९४ च्या प्लेगमध्ये भोवला. तिथला कचरा आणि तुंबलेली गटारे जगभर गाजली. तेच शहर २०१४ पासून सांडपाणी शुद्ध करून पांडेसराच्या कापड कारखान्यांना विकू लागले. आणि आम्ही? सच्छिद्र चिऱ्याच्या जमिनीत, विहिरीशेजारीच शोषखड्डा खणतो! पूर्वी न्हाणीचे पाणी माडाच्या मुळाशी जायचे. मी कारकून माणूस, साधेच सांगतो : गिलाव्याआधी न्हाणीचा पाइप संडासाच्या पाइपापासून वेगळा काढून घ्या. फरशी नंतरही फोडता येते. नासलेली विहीर फोडून दुरुस्त होत नाही.