वाहनपूजा आणि वाहनाची कांती

विजयादशमीस शस्त्रे, ग्रंथ व अवजारे यांच्याबरोबर दारातील मोटारीचीही पूजा होते, आणि ते योग्यच आहे. जिच्यावर कुटुंबाचा प्रवास व क्षेम अवलंबून, तिला गंधपुष्प वाहणे हा कृतज्ञतेचा धर्म होय. मात्र त्या पूजेनेच नव्या मोटारीची कांती डागाळावी, हे प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

मोटारीच्या रंगावर एक पारदर्शक लेप असतो. तो जेमतेम ४०-५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे बहुधा केसाहूनही बारीक. सारी झळाळी त्याचीच. ओल्या हळदीचे स्वस्तिक त्यावर उन्हात वाळले, की फिकट रंगावर आणि विशेषतः प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पिवळा डाग उरतो. कुंकवातील कृत्रिम रंग त्याहून हट्टी. हाराची तार ओरखडे काढते. आणि बॉनेटवरच कापूर पेटविणाऱ्या उत्साही मंडळींस काय म्हणावे! गंधाक्षता काचेच्या कोपऱ्यात लावाव्यात, हार सुती दोऱ्यात ओवावा, नारळ वाहनापुढे भूमीवरील दगडावर वाढवावा. यात पूजेचे न्यून ते कोणते?

‘इतका हिशेब म्हणजे भक्तीत कसर’, असा आक्षेप येईल. परंतु २०२० साली पंढरपुरी श्रीविठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींना वज्रलेप झाला, तो झीज थांबविण्यासाठीच ना? जतन हाही सेवेचाच प्रकार आहे.

शिवाय षोडशोपचारांत गंधाआधी स्नान येते. आपल्याकडे कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची जी सवय आहे, तिनेच कांतीचा सर्वाधिक घात होतो. धुळीचे कण लेपावर घासून बारीक चरे उमटवितात. मोटार सावलीत उभी करून आधी भरपूर पाणी ओतावे, मग मोटारीसाठीचा सौम्य शांपू व मऊ फडके वापरावे. भांड्यांची पावडर कदापि नको. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी भिजवून काढावी. नंतर अधूनमधून मेणाचा हात द्यावा. तो काळ्या प्लास्टिकवर मात्र लागू देऊ नये, पांढरे डाग पडतात. पॉलिश ही गोष्ट निराळी. ते चरे घालविते, पण लेपच घासून; म्हणून दर सणाला पॉलिश करणे हे नव्या वाहनाचे आयुष्य उगाळणे आहे. खड्याने टवका उडून पत्रा उघडा पडला असेल, तर तेवढ्यापुरता जुळता रंग पावसाळ्यापूर्वीच लावून घ्यावा. गंज रंगाच्या आतून पसरतो.